नव्या मीटरविषयी न विचारलेले प्रश्न

विजेच्या नव्या मीटरविषयी गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले, पुष्कळ बोलले गेले आणि मोर्चेही निघाले. या सगळ्या मजकुराचे ढोबळमानाने दोन ढीग पडतात. एका ढिगात मीटर बसवणाऱ्यांची पत्रके आहेत : बिल अचूक येईल, वापर मोबाईलवर दिसेल, दिवसा वीज स्वस्त मिळेल. दुसऱ्या ढिगात विरोधकांची निवेदने आहेत : मीटर पळते, बिल दुप्पट येते, रीडिंग घेणाऱ्यांचा रोजगार जातो. दोन्ही ढीग चाळल्यावर आमच्या लक्षात आले की भांडण कितीही कडाक्याचे असले तरी दोन्ही पक्ष मीटरकडे एक तराजू म्हणूनच पाहत आहेत. एकाला तो खरा वाटतो, दुसऱ्याला खोटा. या यंत्रात तराजूखेरीज आणखी दोन वस्तू बसवलेल्या आहेत, एक कळ आणि एक निरोप्या. त्यांच्याविषयी दोन्ही ढिगांत फारच थोडे सापडते. हे आम्ही शिक्षकांपुढे मांडत आहोत, कारण गावात असे पत्रक आले की त्याचा अर्थ विचारायला लोक अजूनही शाळेतच येतात.

लिहिताना आम्ही कारंजा लाड डोळ्यांपुढे ठेवले आहे. वाशिम जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव गुरुमंदिर आणि जुन्या जैन मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. भोवती कापूस, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख, आणि अलीकडे जवळून गेलेला समृद्धी महामार्ग. 'इंटरनेट ऑफ थिंग्ज', म्हणजे वस्तूंचे आंतरजाल, असे म्हटले की पुस्तकांत बहुधा मोठ्या शहरातल्या घराचे चित्र येते. तिथे हाक मारताच दिवे लागतात आणि फ्रीज दुधाची आठवण करून देतो. तालुक्याच्या गावातला विद्यार्थी ते वाचून समजतो की हे आपल्याकडचे नव्हे. वास्तविक ज्या यंत्राला मोजता येते किंवा काही करता येते, आणि जे मध्ये माणूस न घेता दूरच्या संगणकाशी बोलते, ते या जातीचे यंत्र. महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र, वावरातल्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर, सौर पंपाच्या नियंत्रकातले सिमकार्ड ही सारी त्याच कुळातली. बोलणाऱ्या फ्रीजपेक्षा ही यंत्रे अधिक महत्त्वाची, कारण यांच्यावर पीक, पाणी आणि उजेड अवलंबून असतो.

आधी तराजूचा प्रश्न उरकून घेऊ. महावितरणने २०२३ मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरची कंत्राटे दिली. तेव्हा बेत आगाऊ पैसे भरण्याच्या, म्हणजे प्रीपेड मीटरचा होता. विरोध वाढल्यावर सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, अशी घोषणा जून २०२४ मध्ये राज्य सरकारने केली. त्यानंतर तेच तंत्र असलेले, पण बिल महिन्याअखेर देणारे 'टीओडी' मीटर आले. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर. १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत ठरली. सौर वीज दिवसाच तयार होते, तेव्हा तिचा वापर दिवसाकडे सरकवण्याचा हा विचार शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. परंतु पत्रकात एक गोष्ट येत नाही. ही सवलत जो दिवसा घरी असतो त्याची. सकाळी आठला निंदणाला गेलेले आणि दिवेलागणीला परतणारे मजूर कुटुंब आपला पंखा, दिवा आणि दूरदर्शन संच सवलतीच्या वेळेबाहेरच चालवते. त्याने आपला वापर सरकवायचा कुठे?

'मीटर पळते' या तक्रारीला हसून उडवून देणारेही आम्ही पाहिले आहेत. ते बरे नव्हे. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात नऊ इलेक्ट्रॉनिक मीटरांपैकी पाच मीटरांनी काही विशिष्ट परिस्थितीत जास्त वाचन दाखवले, आणि सर्वांत वाईट प्रसंगी ते ५८२ टक्क्यांनी जास्त होते. मंदक लावलेले दिवे विजेचा प्रवाह सलग न घेता तुटक, तीक्ष्ण लहरींत घेतात, आणि काही मीटरांमधील संवेदक अशा लहरींनी फसले. म्हणजे इलेक्ट्रॉनिक मीटर चुकूच शकत नाही हे म्हणणे खोटे. पण त्या प्रयोगातला भार मुद्दाम निवडलेला होता, त्यामुळे प्रत्येक वाढीव बिल मीटरमुळेच आले हेही त्यातून सिद्ध होत नाही. तपासायचा मार्ग कायद्याने दिलेला आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तीनुसार वाचनाविषयी तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत दुसरे, पडताळणीचे मीटर जोडायचे आणि किमान तीन महिने दोन्ही वाचने ताडून पाहायची असतात. मोर्चातल्या निवेदनांत ही तरतूद ठळक अक्षरांत असायला हवी होती.

शिक्षकांना तर यासाठी कंपनीचीही वाट पाहायला नको. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ एका युनिटला ३२०० स्पंदने. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. त्याला ३२०० ने भागले की एका लुकलुकीला ११२५ जूल येतात. घरातले सारे बंद करून फक्त १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावला, तर दिवा दर सव्वाअकरा सेकंदांनी लुकलुकायला हवा. दहा लुकलुकींचा वेळ मोजा, दहाने भागा. नववीच्या वर्गाला कार्य, ऊर्जा आणि शक्ती शिकवताना याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही. (आकडा प्रत्येक मीटरवर सारखा नसतो, आपल्या मीटरवरचा वाचून घ्यावा. बल्बही लिहिल्याइतकाच वॅट घेतो असे नाही, थोडाफार फरक गृहीत धरावा.)

आता कळ. नव्या मीटरच्या पोटात एक विद्युत्चुंबकीय स्विच असतो. दूरच्या संगणकावरून आज्ञा आली की तो घराची वीज तोडतो किंवा जोडतो. पत्रके याला सोय म्हणतात, आणि ती सोय आहेही. पण पूर्वी ही सोय नव्हती तेव्हा काय होत असे ते पाहिले पाहिजे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मग लाईनमन शिडी घेऊन येतो, दार वाजवतो, घरातली म्हातारी त्याला पावती दाखवते, तो डोके खाजवून कार्यालयात फोन करतो. या सगळ्याला आपण दिरंगाई म्हणत आलो. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ती एक सुरक्षा-यंत्रणा होती. लाईनमन चुकला तर एका घरात अंधार होतो. दिवसभर चुकत राहिला तरी पायांना जितके चालवेल तितक्याच घरांत. दुरून चालणारी कळ ही मर्यादा काढून टाकते. कायद्यातले १५ दिवस आजही कायम आहेत, पण ते पाळायला भाग पाडणारा देह मधून निघून गेला आहे.

हे कल्पनेतले भय नाही. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात दीड लाखांहून अधिक ग्राहकांची वीज एकाएकी गेली. वादळ नव्हते, रोहित्र जळाले नव्हते, तारही तुटली नव्हती. मीटर सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून चुकीची आज्ञा गेली आणि मीटरांनी ती इमानेइतबारे पाळली. राज्य सरकारने त्यानंतर नवी मीटरे बसवणे थांबवून चौकशी लावली. आमच्या मते या विषयावरचे भारतातले सर्वांत बोलके उदाहरण हेच, आणि मराठीतल्या दोन्ही ढिगांत ते आम्हाला जवळजवळ दिसलेच नाही.

हे घडण्याच्या दहा वर्षे आधी, २०१० मध्ये, केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन आणि शैलेंद्र फुलोरिया यांनी एका निबंधात नेमका हाच प्रश्न उभा केला होता. लाखो घरांची वीज एका ठिकाणाहून तोडता येईल अशी रचना केली की ते ठिकाण शत्रूसाठीही आणि चुकीसाठीही मोक्याचे होते, असा त्यांचा मुद्दा. यावर उपाय नाहीत असे नव्हे. एका मिनिटात ठरावीक संख्येपेक्षा अधिक मीटरांना तोडण्याची आज्ञा संगणकाने स्वीकारूच नये. आज्ञेला दोन स्वतंत्र अधिकाऱ्यांची मान्यता लागावी, बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तशी. प्रत्येक मीटरची सांकेतिक किल्ली वेगळी असावी, म्हणजे एक फुटली तरी बाकीची शाबूत राहतात. आणि मीटरने आज्ञा मिळताच लगेच तोडू नये, काही तास थांबून ग्राहकाला इशारा द्यावा. हे चार उपाय समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. यातले कोणकोणते आपल्या दारावरच्या मीटरमध्ये आहेत, एवढे एका पानात छापून ग्राहकाला द्यायला काय हरकत आहे? किल्ली गुप्त ठेवावी, कुलपाची रचना उघड असावी, हे संकेतशास्त्रात एकोणिसाव्या शतकापासून मानले जाते. 'सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही' हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही.

मुद्दाम केलेला घातही झालेला आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीज वितरण कंपन्यांच्या संगणकांत घुसखोर शिरले आणि त्यांनी उपकेंद्रांतले स्विच दुरून उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. वीज काही तासांत परत आली. ती आणली कर्मचाऱ्यांनी, उपकेंद्रांत प्रत्यक्ष जाऊन हाताने स्विच बसवून. हाताने चालवण्याची सोय आणि ती येणारी माणसे शिल्लक होती म्हणून हे जमले. रीडिंग घेणाऱ्या आणि तारा सांभाळणाऱ्या माणसांच्या नोकऱ्यांचा प्रश्न विरोधकांनी मांडला तो पोटापाण्याचा म्हणून. तो सुरक्षेचाही आहे, हे त्यांनीच मांडायला हवे होते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा परदेशी घुसखोरीचा संशय व्यक्त झाला. २०२१ मध्ये एका अमेरिकन कंपनीच्या अहवालाने त्याला बळ दिले, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. वर्गात हे उदाहरण द्यायचे तर दोन्ही बाजू सांगूनच द्यावे. घातपात हा शब्द चटकदार असतो, पुरावा तितका चटकदार नसतो.

तिसरी वस्तू निरोप्या. जुन्या मीटरचे वाचन महिन्यातून एकदा होई, वर्षाला बारा आकडे. नवे मीटर दर अर्ध्या तासाला एक नोंद करू लागले तर दिवसाला ४८, वर्षाला १७,५२० आकडे होतात. एवढ्या आकड्यांत घराची दिनचर्या उतरते. पहाटे पाण्याची मोटार केव्हा लागली, दुपारी घर रिकामे असते का, आजारी माणसासाठी रात्रभर दिवा जळतो का, आणि दिवाळीत घराला कुलूप लावून मंडळी किती दिवस गावाला गेली. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात असे दाखवले की घराच्या एकाच मुख्य तारेवरच्या मापनातून आतली कोणकोणती उपकरणे चालू-बंद झाली हे ओळखता येते. विशेष म्हणजे या तंत्राने घरावर पाळत ठेवता येईल, हा इशारा १९८९ मध्ये त्यांनीच लिहून दिला होता. २०११ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर येथील संशोधकांनी दर दोन सेकंदांच्या नोंदींवरून दूरदर्शन संचावर कोणता चित्रपट चालू आहे हेसुद्धा ओळखून दाखवले. अर्ध्या तासाच्या नोंदीवरून इतके कळत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण नोंद किती वेळाने घ्यायची हे मीटरमधल्या आज्ञावलीने ठरते, आणि आज्ञावलीही दुरून बदलता येते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीच्या मीटरचा कायदा याच खासगीपणाच्या कारणाने अडवला. पुढे ग्राहकाला नकाराचा हक्क मिळाला, तेव्हा तो मार्गी लागला. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. कारंज्यातल्या घराचे ते १७,५२० आकडे किती वर्षे जपले जातात, कंत्राटदाराला त्यातले किती दिसतात, पोलिसांनी मागितले तर कुणाच्या सहीने मिळतात, हे पत्रकात विचारून पाहावे. तेथे फक्त मोबाईल अॅपचे चित्र असते.

सगळ्याच यंत्रांना गुप्तता लागते असे मात्र कुणी समजू नये. राज्याच्या 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांच्या नोंदी तेथून आपोआप जातात. त्यांत कुणाचे खासगी काही नाही. त्या जितक्या उघड तितक्या चांगल्या. येथे जपायची असते ती नोंदींची सचोटी. पाऊस मोजणाऱ्या नरसाळ्यात एक वाळके पान किंवा पक्ष्याची शीट अडकली की पाऊस पडूनही नोंद कोरडी राहते, आणि नुकसानीचा हिशेब या आकड्यांवर बसत असेल तर त्या एका पानाची किंमत शेकडो शेतकरी मोजतात. यासाठी सांकेतिक लिपीचा उपयोग नाही. शाळेच्या अंगणात सरळ उभ्या बाजूंचा एक डबा ठेवून जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजले, वही ठेवली आणि केंद्राच्या आकड्यांशी ताडली, तर ती सुरक्षाच झाली.

मोटारीच्या स्टार्टरचे प्रकरण आणखी वेगळे. शेतीला वीज पाळीपाळीने येते, आणि रात्रपाळीत हरभरा-गव्हाचे ओलीत करायला थंडीत, सापाविंचवांतून जावे लागते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'सारख्या मोबाईलवरून मोटार चालवणाऱ्या यंत्रांनी हा त्रास खरोखर कमी केला. वस्तूंच्या आंतरजालाचा याहून प्रामाणिक उपयोग आम्हाला ठाऊक नाही. परंतु अशा पेटीचा सिमकार्डाचा नंबर आणि कारखान्यातून आलेला '१२३४' छापाचा संकेतांक दुकानदाराला, मेकॅनिकला आणि हळूहळू निम्म्या गावाला माहीत असतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक आज्ञावलीने असेच न बदललेले साठेक संकेतांक वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि तत्सम यंत्रे ताब्यात घेतली. त्यांच्या जोरावर त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. आपल्या मोटारीला इतका मोठा शत्रू लागत नाही, बांधाच्या भांडणातला शेजारी पुरतो. कोरड्या विहिरीवर मोटार चालली तर जळते. आणि सर्वांत गंभीर धोका शत्रूशिवायचाच आहे : बाप विहिरीवर मोटारीची जोडणी उघडून बसलेला आणि मुलगा घरून, वीज आली म्हणून, मोबाईलवर बटण दाबतो.

शालेय विज्ञान प्रदर्शनांत हल्ली मातीतला ओलावा मोजून आपोआप पंप चालू करणारी प्रतिकृती हमखास असते. मुलांचे कष्ट खरे असतात, पण माहिती देणारा तक्ता अगदी कंपनीच्या पत्रकासारखा : फायदे एक ते दहा, तोटे शून्य. परीक्षकही पंप चालू झाला की समाधान पावतात. आमची सूचना अशी की परीक्षकाने पंप चालू झाल्यावर शेजारच्या गटातल्या मुलाला बोलावून, 'आता तू हा बंद करून दाखव' म्हणावे. संवेदकाची तार काढून टाकावी आणि यंत्र काय करते ते पाहावे. ते माती कोरडी समजून रात्रभर पाणी सोडते की थांबून कळवते? इंटरनेट बंद करून पंप हाताने चालतो का, हे विचारावे. आणि प्रतिकृतीत पंपाच्या अगदी जवळ, दुरून आलेल्या कोणत्याही आज्ञेने लागणार नाही असा, पुरवठा पुरता तोडणारा एक साधा हाताचा स्विच आहे का ते बघावे. तो ज्या गटाने आपणहून लावला असेल, त्याला आम्ही रंगीत तक्त्याचे गुण कापून त्या स्विचचे देऊ.